‘अ‍ॅप लिहून द्याल का?’ : माझ्या थिसिसची दीड वर्षं

थिसिसच्या बांधलेल्या प्रती गेल्या महिन्यात हातात आल्या. निळं कव्हर, सोनेरी अक्षरं आणि कण्यावर माझ्या आडनावात एक काना जास्त. तो काढून घ्यायला आणखी तीन दिवस गेले. दीड वर्षात इतक्या ठिकाणी इतके दिवस गेलेत, की या तिनाचं काही वाटलं नाही.

मी मानसोपचार विभागात रेसिडेंट आहे. आमच्याकडे थिसिस म्हणजे बहुतेक वेळा एक प्रश्नावली, शे-सव्वाशे पेशंट आणि शेवटी संख्याशास्त्राचा पी व्हॅल्यू नावाचा आकडा. मी मुलाखतींवर थिसिस केला, आणि त्याही पेशंटच्या नाहीत, डॉक्टरांच्या. मानसिक आरोग्याची डिजिटल साधनं पेशंटना लिहून देण्याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांना आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना काय वाटतं, हा विषय. विभागात असं आधी कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळे कुठे काय अडेल ते सांगणारंही कुणी नव्हतं. आता एक ज्युनिअर याच वाटेने निघाली आहे. तिला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

विषय ओपीडीत सुचला. तपासून झालं, की पेशंट फोन पुढे करायचे. “मॅडम, हे अ‍ॅप घेऊ का?” कधी ते सीबीटीचे, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचे, धडे देणारं असायचं, कधी झोपेची नोंद ठेवणारं, कधी गप्पा मारणारा चॅटबॉट. मी म्हणायची, “हो, बघा वापरून,” पण अशा सुरात, की पेशंटने फोन खिशातच ठेवावा. एकदा शेजारच्या टेबलावरून माझ्या सीनियरचा अगदी तोच सूर कानावर आला. हा सूर कुठून येतो, एवढंच मला आधी शोधायचं होतं.

फेब्रुवारीत गाईड मॅडमकडे गेले तेव्हा माझ्या हातात तीन अ‍ॅपची नावं होती आणि त्यांची तुलना करायचा बेत होता. मॅडमनी कागद परत दिला. म्हणाल्या, “अ‍ॅपवर करू नकोस. तुझा थिसिस होईपर्यंत त्यातलं एखादं बंद पडेल. लिहून देणाऱ्या हातावर कर.”

मार्च सगळा सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आधी द्यायच्या प्रस्तावात गेला. वाचायला बसले तेव्हा हे सगळं नवंच आहे असा माझा समज होता. पण माणसाशी थेरपिस्टसारखं बोलणारा एलिझा नावाचा प्रोग्राम १९६६ सालीच आला होता. नवी आहे ती प्रिस्क्रिप्शनची भानगड. जर्मनीत २०१९ च्या शेवटी कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२० पासून सरकारी यादीतली अ‍ॅप डॉक्टर औषधासारखी लिहून देऊ लागले, पैसे विमा देतो. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने २०१७ मध्ये व्यसनमुक्तीसाठीच्या रीसेट या अ‍ॅपला परवानगी दिली, तेही फक्त प्रिस्क्रिप्शनवर मिळणारं. मॅडमचं म्हणणंही इथेच खरं ठरलेलं सापडलं. रीसेट बनवणारी पेअर थेरप्युटिक्स एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पुराव्यांचं वाचन मात्र डोकं भणाणून सोडणारं होतं. ‘काम करतं’ म्हणणारे पेपर आहेत. आणि २०१५ चा ब्रिटनमधला रीॲक्ट नावाचा चाचणी-अभ्यासही आहे. त्यात नैराश्याचे ६९१ पेशंट होते, आणि फॅमिली डॉक्टरच्या नेहमीच्या उपचारांना संगणकावरच्या सीबीटीची जोड देऊन फारसा फरक पडला नाही. बऱ्याच जणांनी ती पुरी केलीच नव्हती. दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते : मागे कुणी माणूस चौकशी करणारा असला, की साधन जास्त चालतं. सिनॉप्सिसमध्ये मी हे एका वाक्यात उरकलं. पुढे ते वाक्य मला चांगलंच पुरलं.

९ एप्रिलला एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे, फाइल दिली. मला वाटलं होतं, पेशंट नाहीत, औषध नाही, रक्त काढायचं नाही, म्हणजे सही होऊन येईल. सहा आठवड्यांनी फाइल आली ती अकरा आक्षेप घेऊन. त्यातले निम्मे टायपिंगचे होते. उरलेल्यांपैकी तीन खरोखर विचार करायला लावणारे होते, आणि मुलाखतींचा थिसिस करणाऱ्या प्रत्येकाला ते येणार, म्हणून सांगते. डॉक्टरने बोलण्याच्या ओघात पेशंटची ओळख पटेल असं काही सांगितलं तर काय करणार? आवाजाची फाइल कुठे, किती काळ, कुणाच्या ताब्यात राहणार? आणि तुमचेच वरिष्ठ मुलाखत देणार असतील तर ते ‘नाही’ म्हणायला मोकळे कसे राहतील, किंवा तुम्ही विचारायला?

तिसऱ्या प्रश्नावर मी आठवडाभर अडकले. शेवटी माझ्या विभागातल्या कुणाचीच मुलाखत घ्यायची नाही असं ठरवलं. काम दुप्पट झालं, कारण आता प्रत्येक संस्थेच्या विभागप्रमुखाचं वेगळं परवानगीपत्र लागणार होतं. यातली माझी एक चूक टाळा. मी पत्रं एकेक करून पाठवली, पहिलं आल्यावर दुसरं. सगळी एकाच दिवशी पाठवा, आवक क्रमांक लिहून घ्या आणि दर सोमवारी त्या क्रमांकासकट चौकशी करा. ‘माझ्या पत्राचं काय झालं’ असं विचारलं, की ‘बघतो’ एवढंच ऐकू येतं. क्रमांक सांगितला, की निदान रजिस्टर उघडलं जातं.

मंजुरी २६ जूनला मिळाली. जुलैत चार मुलाखती केल्या आणि चारही फसल्या.

पहिल्या तीन फसल्या त्या माझ्या प्रश्नामुळे. प्रश्न होता : “नैराश्याच्या किंवा चिंतेच्या पेशंटला तुम्ही डिजिटल साधन प्रिस्क्राइब कराल का?” तिघांनी तीन प्रकारे नाही म्हटलं, कारणंही भराभर दिली : पुरावा कमी, वेळ नाही, पेशंटला जमत नाही, माहिती कुठे जाते कुणास ठाऊक. वीस मिनिटांत मुलाखत संपायची. सगळं बरोबर होतं आणि सगळं मी आधीच पेपरांत वाचलेलं होतं. परतीच्या वाटेवर वाटायचं, हे तर घरी बसूनही लिहिता आलं असतं.

चौथी फसली ती फोनमुळे. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिसऱ्या सेकंदाला कुणाचा तरी कॉल आला. मी तो कट केला. त्याबरोबर रेकॉर्डिंगही थांबलं होतं, हे मला पन्नास मिनिटांनी कळलं. दोन यंत्रं ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका, आणि दर दहा मिनिटांनी आकडे पळताहेत ना ते बघा. मी जिन्यात बसून आठवेल तेवढं वहीत उतरवलं. त्या उतरवण्यातच ती गोष्ट हाती लागली.

त्या डॉक्टर मॅडमनीही प्रिस्क्राइब करण्याला ठाम नकार दिला होता. पण निघताना, दार उघडता उघडता त्या सहज म्हणाल्या होत्या, “झोपेच्या पेशंटना मी ते डायरीचं अ‍ॅप सांगतेच. त्याचं काय एवढं.” मी वहीत दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि बघत बसले. एकच व्यक्ती, एकाच दुपारी. लिहून देणार नाही, पण सांगते.

गोम शब्दात होती. प्रिस्क्राइब म्हटलं, की डॉक्टरला सही दिसते. सहीखाली नोंदणी क्रमांक असतो, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर तो कागद बोलतो. ‘बघा वापरून’ या वाक्याला कागद नसतो. माझ्या प्रश्नाला मिळालेला नकार अ‍ॅपला नव्हताच, सहीला होता.

मॅडमना सांगितलं तर त्या खूश झाल्या आणि लगेच म्हणाल्या, “प्रश्न बदल. आणि बदललास तर कमिटीकडे जा.” मुलाखतीचा आराखडा प्रोटोकॉलचा, म्हणजे कमिटीने मंजूर केलेल्या योजनेचा भाग असतो, त्यात फेरफार करायचा तर अमेंडमेंट, म्हणजे बदलाची वेगळी मंजुरी लागते. जुना प्रश्न आणि नवा प्रश्न शेजारीशेजारी, बदलाचं कारण, नवी आवृत्ती, नवी तारीख, सगळ्या पानांच्या तळटिपेत नवा आवृत्ती क्रमांक. तळटीप एका पानावर राहिली म्हणून फाइल एकदा परत आली. एका वाक्याच्या बदलाला पाच आठवडे. तेव्हा रडकुंडीला आले होते. आता सांगते, आराखडा पहिल्यांदा पाठवतानाच त्यात लिहून ठेवा, की सुरुवातीच्या मुलाखतींनंतर प्रश्नांच्या शब्दरचनेत किरकोळ बदल होऊ शकतात. आमच्या कमिटीच्या सचिवांनीच नंतर हे सांगितलं, हसत हसत.

नवा प्रश्न असा होता : “पेशंटशी बोलताना एखाद्या अ‍ॅपचा किंवा ऑनलाइन कार्यक्रमाचा विषय शेवटचा कधी निघाला? त्या दिवशी काय झालं ते सांगा.”

ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत मी अठरा जणांना हा प्रश्न विचारला. वीस मिनिटांच्या मुलाखती तासाभराच्या झाल्या.

त्यातली एक जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. साठी ओलांडलेले एक सर. शेवटचा पेशंट गेल्यावर, रात्री नऊला बोलावलं होतं. प्रश्न ऐकून ते काही बोलले नाहीत. टेबलावरचं प्रिस्क्रिप्शनचं पॅड उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“यावर मी गोळी लिहितो तेव्हा किती, कधी, किती दिवस, कुणाला द्यायची नाही, काय त्रास होईल, हे सगळं मला ठाऊक असतं. विसरलो तर पुस्तकात असतं. आता सांग, अ‍ॅपचा डोस काय?”

मला उत्तर आलं. काही कार्यक्रम ठरावीक आठवड्यांचे असतात, म्हटलं; २०२४ मध्ये अमेरिकेत नैराश्याच्या औषधांच्या जोडीला रिजॉइन नावाचं अ‍ॅप मंजूर झालंय, ते सहा आठवड्यांचं आहे.

“बरं. आणि जास्त झाला तर?”

मी गप्प.

“आणि गोळी रात्रीत बदलत नाही. माझ्या फोनवरचं प्रत्येक अ‍ॅप महिन्याला तोंड बदलतं. मी सोमवारी लिहून दिलं ते शुक्रवारी तेच असेल, हे कोण सांगणार मला?”

मला वाटलं, हे कट्टर विरोधक. मग त्यांनी खण उघडून एक जुना फोन काढला. त्यात त्यांनी सात-आठ अ‍ॅप स्वतः उतरवून ठेवली होती. पेशंटने नाव घेतलं, की आधी आपण आठवडाभर वापरून बघायचं, हा त्यांचा नेम. त्यातलं एक उघडून दाखवायला गेले. पासवर्ड चुकला. मग नवा पासवर्ड, त्याचा मेल, मेल दुसऱ्याच फोनवर. मग बारीक अक्षरातल्या अटींचं पान आलं, ते सरकवता सरकवता संपेना. चष्मा कपाळावर सारून त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. नऊ मिनिटं गेली होती. “एका पेशंटला माझ्याकडे दहा मिनिटं असतात,” ते म्हणाले. पुरावा, खाजगीपणा, कायदा हे सगळं मी पुढे विश्लेषणात व्यवस्थित मांडलं, पण त्या नऊ मिनिटांइतकं मला काहीच पटलं नाही.

दुसरी एक मुलाखत वेगळ्या कारणाने लक्षात राहिली. एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ, पेशंटच्या नोंदी डॉक्टरच्या संगणकावर दाखवणारं एक साधन त्यांनी हौसेने सुरू केलं होतं. त्यात पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली होती. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. ओपीडीत पेशंटने त्या ओळीवर खूण केली, की आपण पेन खाली ठेवतो आणि बोलायला लागतो. त्यांच्या एका पेशंटने ती खूण शुक्रवारी रात्री दोन वाजता केली. यांनी संगणक उघडला सोमवारी सकाळी. पेशंट सुखरूप होता, शनिवारीच बहिणीशी बोलला होता. पण त्या डॉक्टर मला म्हणाल्या, “मला आधी काही दिसतच नव्हतं, तेव्हा मी शांत झोपायचे. आता दिसतं, आणि दिसत असून बघितलं नाही असं होऊ शकतं.” महिन्याभरात त्यांनी ते बंद केलं. पेशंट मात्र विचारत राहिला, बंद का केलं म्हणून. त्याला आवडलं होतं ते.

इथे मी रेकॉर्डर थांबवून पाणी प्यायले. मुलाखत घेणाऱ्याचंही काही होतं, हे शिकवत नाहीत. एक डायरी ठेवा, रोज चार ओळींची. तिला रिफ्लेक्झिव्हिटीची, म्हणजे अभ्यास करताना आपल्या मनात काय चाललंय त्याची, नोंद म्हणतात आणि थिसिसमध्ये तिचा उल्लेखही लागतो, पण त्यासाठी नव्हे, स्वतःसाठी ठेवा.

सायकॉलॉजिस्ट मंडळी ‘आमची कामं जातील’ म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. रेकॉर्डर चालू असताना एकानेही म्हटलं नाही. बंद केल्यावर एकजण म्हणाल्या. ते वापरता येत नाही. मी दोन दिवसांनी फोन करून विचारलं, त्यांनी नाव न येण्याच्या अटीवर होकार कळवला, तो लेखी घेतला. वयाबद्दलचा माझा आवडता अंदाजही (ज्येष्ठ विरोधात, तरुण बाजूने) पार आडवा झाला. सगळ्यात संशयी निघाला तो माझ्याहून लहान असलेला एक रेसिडेंट. त्याला डेटा कसा विकला जातो हे नीट माहीत होतं.

फेब्रुवारीपासून टंकलेखन. एक तास बोलण्याला मला सहा तास लागले. आवाज देऊन मजकूर काढणारी सॉफ्टवेअर आहेत, पण कमिटीने मना केलं होतं, कारण आवाज बाहेरच्या सर्व्हरवर गेला असता. डॉक्टर मंडळी अ‍ॅपबद्दल हेच म्हणत होती, आणि मी हेडफोन लावून ते टाइप करत होते. विश्लेषणाचं महागडं सॉफ्टवेअर घेतलं नाही. साधी स्प्रेडशीट आणि रंग पुरले. उलट सुरुवातीचे पाच ट्रान्सक्रिप्ट (टाइप केलेल्या मुलाखती) कागदावर छापून पेन्सिलने कोड केले, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावली, त्यातच हात बसला.

पद्धत ब्रॉन आणि क्लार्क यांची, २००६ मधली, सहा टप्प्यांची : मुलाखतींतून पुन्हापुन्हा येणारी सूत्रं, म्हणजे ‘थीम’, शोधायची. वाचायला सोपी वाटते. मी पहिल्यांदा ज्या ‘थीम’ काढल्या त्या म्हणजे माझ्याच प्रश्नांची शीर्षकं होती : फायदे, अडथळे, सूचना. मॅडमनी एकच शेरा मारला, “हे तू मुलाखतीआधीही लिहू शकली असतीस.” घरी येऊन सगळं पुसलं. दुसऱ्या खेपेला उरलं ते असं : सही, डोस, रात्र आणि दहा मिनिटं. मॅडमना नावं फार घरगुती वाटली, पण त्यांनी ती राहू दिली. फक्त उपशीर्षकात जड शब्द घालायला लावले. मुलाखतींच्या अभ्यासांसाठी कोरेक नावाची ३२ मुद्द्यांची तपासयादी असते. ती शेवटी भरतात. तुम्ही सुरुवातीलाच भिंतीवर लावा. माझ्याकडे ‘किती जणांनी नकार दिला आणि का’ याची नोंदच नव्हती, ती जुने मेल उपसून काढावी लागली.

जुलैत थिसिस जमा केला. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, ऑगस्टमध्ये. आदल्या रात्री झोप लागली नाही, आणि हो, मी एक श्वासाचं अ‍ॅप लावलं. चार मिनिटांनी बंद केलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वीस मिनिटं पद्धतीवर घालवली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, “मानसिक आरोग्याची अ‍ॅप उतरवणाऱ्यांपैकी पंधरा दिवसांनी किती लोक ती उघडतात?” हे पाठ होतं. २०१९ च्या एका अभ्यासात ९३ अ‍ॅप बघितली होती, मध्यक ३.९ टक्के. “मग डॉक्टरने लिहिलं काय आणि न लिहिलं काय!” आता सिनॉप्सिसमधलं ते एक वाक्य कामी आलं. ते लोक स्वतःहून अ‍ॅप उतरवणारे होते, मी म्हटलं, त्यांना पुढच्या भेटीत कुणी ‘उघडलं होतंत का’ असं विचारणार नव्हतं. माझ्या अठरा जणांतले काही जण विचारतात, आणि विचारणारे जवळजवळ सगळे अ‍ॅपचं नाव केसपेपरवर लिहून ठेवणारे आहेत. न लिहिणाऱ्यांना पुढच्या वेळी आठवतच नाही. याने काही सिद्ध होत नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून, की जेवणाची वेळ झाली म्हणून, कळलं नाही. तासाभराने पास झाल्याचं कळलं.

दुसऱ्या सोमवारी ओपीडीत चिंतेच्या एका पेशंटने फोन पुढे केला. ते अ‍ॅप मला माहीत होतं, महिनाभर वापरलेलं. मी केसपेपर ओढला आणि गोळ्यांच्या दोन ओळींखाली तिसऱ्या ओळीत त्याचं नाव लिहिलं. रोज १५ मिनिटं, दोन आठवडे, मग भेट. खाली सही केली. सही करताना हात किंचित थांबला, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या तासाने तो पेशंट परत आला. हातात गोळ्यांची पाकिटं आणि तोच कागद. “मॅडम, फार्मसीच्या खिडकीवर म्हणाले, पहिल्या दोन मिळाल्या. तिसरी आमच्याकडे येत नाही, दुसरी कंपनी चालेल का विचारून या.”

आता मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिते. सही तिथेही करते.